अ‍ॅड-इन टाकण्याआधी आउटलुक ओळखायचं कसं: रजिस्ट्रीवरून की एक्झी फाइलवरून?

मशीनवर कोणतं आउटलुक आहे, हे अ‍ॅड-इनच्या, म्हणजे आउटलुकला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, सेटअपला आधी कळायला हवं. त्यासाठी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतली, ऑफिसची नोंद वाचायची, की थेट आउटलुक.एक्झी ही आउटलुकची मूळ प्रोग्रॅम फाइल गाठायची? मी दोन्ही वापरून पाहिलं आहे.

रजिस्ट्री सुटसुटीत. ऑफिसखाली 14.0 दिसलं की 2010, 15.0 म्हणजे 2013, आणि 16.0 मध्ये 2016 पासून पुढचं सगळं. आउटलुक 32 बिटचं की 64 बिटचं, हे तिथलीच 'बिटनेस' नोंद सांगते. चार ओळींच्या स्क्रिप्टमध्ये काम होतं. सगळे पीसी एकाच इमेजवरून, म्हणजे एकाच तयार नकलेवरून, बनवलेले असतील तर एवढं पुरावं.

पण नागपुरातल्या लहान ऑफिसांत असे पीसी क्वचितच दिसतात. धरमपेठेत एका कर सल्लागारांकडचा पीसी 2010 वरून 2019 वर गेलेला. जुनं ऑफिस काढलेलं, पण 14.0 ची नोंद तशीच पडून, तीही 32 बिटची. एका अ‍ॅड-इनच्या सेटअपने नेमकी तीच वाचली आणि 64 बिटच्या आउटलुकवर 32 बिटची फाइल बसवली. इन्स्टॉल यशस्वी, एरर एकही नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, बटनच दिसून नाही राहिलं!" 16.0 पासून खाली शोधत यायचं म्हणाल, तर नवं काढून परत जुन्यावर आलेले पीसीही असतात. माझं मन रजिस्ट्रीवरून उडालं ते या शिळ्या नोंदींमुळे.

एक्झीचा पत्ता रजिस्ट्रीतल्याच 'अ‍ॅप पाथ्स' या नोंदीत मिळतो. विंडोज 7 पासून ती नोंद 32 आणि 64 बिट प्रोग्रॅम दोघांनाही सारखीच दिसते, त्यामुळे दोन ठिकाणी शोधावं लागत नाही. पत्त्यावर फाइल नसेल तर विषय संपला. असेल तर आवृत्ती फाइलवरून आणि बिट तिच्या हेडरवरून (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीवरून) घ्यायचे. कोड थोडा वाढतो. 2016 की 2021 हेही यातून कळत नाही, दोन्ही 16 च. पण अ‍ॅड-इनचं गाडं बहुतेक वेळा अडतं ते बिटवर.

डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती देणाऱ्या सोयीतल्या 'विन32_प्रॉडक्ट' या प्रोग्रॅमांच्या यादीच्या वाटेला मात्र जाऊ नका. ती यादी मागितली की विंडोज प्रत्येक एमएसआय पॅकेज (विंडोजच्या इन्स्टॉलरने बसवलेला प्रोग्रॅम) तपासत बसतं.

एक गोष्ट एक्झीलाही सांगता येत नाही. वापरणारा नव्या आउटलुकवर, म्हणजे ओएलके.एक्झीवर गेला असेल तर जुनी फाइल जागेवर असूनही कॉम अ‍ॅड-इन (जुन्या आउटलुकसाठीचं, इथं बसवतोय तसं) त्याला दिसणार नाही. सेटअपच्या पहिल्याच खिडकीत तसं लिहून टाकलेलं बरं.