ताई, माल एकदम ओरिजिनल आहे

नकली चिपच्या व्यवहारात बत्तीस हजार शहाण्णव रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण हे ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. मजुरी, तुर्भ्याच्या खेपा आणि गिऱ्हाइकासमोर खाली घातलेली मान यात धरलेली नाही.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझा लहानसा गाळा आहे. मी, माझी भाची आणि तीन बायका. बोर्ड भरणं, म्हणजे सर्किट बोर्डावर सुटे भाग टाके मारून बसवणं, इंटरकॉम दुरुस्ती, जुन्या टेलिफोनची कामं. मी १९९३ पासून सोल्डरिंग करते, तेव्हा ‘नवीन होती, फसली’ असं म्हणायलाही जागा नाही.

तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात कंट्रोल केबिनमधून आणि लॅबमधून ६४ हॅण्ड्सफ्री फोन आहेत. ऑपरेटरच्या हातात रबरी मोजे, रिसीव्हर धरायला हात मोकळा नाही, म्हणून कोपराने बटण दाबायचं आणि बोलायचं. फोन पॅनेलमध्ये बसवलेले, त्या मापाचा तयार फोन आता मिळत नाही. पावसाळ्यात वीज पडली, लाइनवरून सर्ज, म्हणजे विजेचा अचानक लोंढा आला आणि सगळे मुके झाले. आतले बोर्ड नव्याने बनवून द्यायचं काम मी घेतलं.

या फोनला अ‍ॅडॅप्टर नसतो, बॅटरी नसते. जे काही चालतं ते टेलिफोनच्या दोन तारांतून येणाऱ्या करंटवर. पलीकडे ४८ व्होल्ट असतात, पण फोन उचलला की लाइनचा व्होल्टेज सात-आठवर येतो आणि करंट मिळतो साधारण २० ते ४० मिलिअँपियर. एवढ्यात माइक, डायलिंग, स्पीच सर्किट, हॅण्ड्सफ्रीची आयसी, म्हणजे चिप, आणि वर स्पीकर. लहान मुलाच्या खाऊच्या पैशात घर चालवण्यातला प्रकार. कारखान्याची लाइट गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटरीवर फोन चालू राहिला पाहिजे, म्हणून त्यांना हेच हवं होतं.

हॅण्ड्सफ्रीचं दुखणं तुम्ही ऐकलं असेल. माइक आणि स्पीकर एकाच डब्यात, त्यामुळे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरवर येतो आणि फोन किंचाळायला लागतो. त्यावर मोटोरोलाने एमसी ३४११८ ही अठ्ठावीस पायांची आयसी काढली होती. तिच्यात आवाज कमी-जास्त करणारे दोन अ‍ॅटेन्युएटर असतात, एक जाणाऱ्या आवाजासाठी, एक येणाऱ्या. तुम्ही बोलताना जाणारा रस्ता अधिक ६ डेसिबलवर उघडतो आणि येणारा उणे ४६ वर बंद होतो. समोरचा बोलला की उलट. दोघेही गप्प असले की दोन्ही रस्ते उणे २० वर अर्धवट उघडे. बेरीज कायम उणे ४०, त्यामुळे किंचाळी सुरूच होत नाही. शिवाय पंख्याची किंवा ब्लोअरची एकसारखी घरघर ती ओळखते आणि तिला माणसाचा आवाज समजत नाही. ती ३ व्होल्टपासून चालते आणि स्वतः साधारण ५ मिलिअँपियरच खाते, म्हणून तर लाइनवरच्या फोनमध्ये बसते. हा पाचाचा आकडा लक्षात असू द्या, पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

ही आयसी आता सहज मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात माझे जे नेहमीचे दुकानदार होते, त्यांनी दुकान आवरलं. दोन-तीन ठिकाणी फोन केले, ‘कुणाकडे असेल तर कळवा’ म्हणून निरोप ठेवले. आठवड्याभरात एका माणसाचा फोन आला. गोड बोलणं, प्रत्येक वाक्यात ताई. “ताई, तुम्हाला ३४११८ हवीय ना? शंभर पीस आहेत. एकदम ओरिजिनल, ट्यूब पॅक.” म्हणजे कारखान्यातून येतात तशा प्लास्टिकच्या नळीत. ऑफिस वाशीला म्हणाला. पाच पीस सॅम्पल म्हणून फुकट पाठवले, कुरियरसुद्धा त्याचंच.

सॅम्पल मी स्वतः तपासले. पायांना झिलई, वर मोटोरोलाचा एम, खाली डेट कोड ९७१८, म्हणजे १९९७ सालचा अठरावा आठवडा. बोर्डावर लावले, पाचही उत्तम. वहीत नोंदही केली. मग ८० पीस सांगितले, ३४० रुपये भावाने. सत्तावीस हजार दोनशे आणि वर १८ टक्के जीएसटी. ‘माल पॅक झाला ताई’ म्हणून त्याने फोटो पाठवला आणि मी सगळे पैसे यूपीआयने पाठवले. सगळे, एकदम. निम्मे माल बघून देते म्हणायला जीभ रेटली नाही, सॅम्पल इतके चांगले होते ना.

माल तिसऱ्या दिवशी आला. ट्यूब नव्या, आयसी काळ्याभोर, सगळ्यांवर एकच डेट कोड, १४२३. आता इथे जरा थांबा, कारण हा कोड मी वाचला होता. नुसता वाचला नाही, भाचीला म्हणाले, “बघ, सत्त्याण्णवपेक्षा नवा माल मिळाला.” मला आनंद झाला होता. १४२३ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. आणि मोटोरोलाने चिपचा धंदा सोडून तोवर दहा वर्षं झाली होती: १९९९ मध्ये एक भाग ऑन सेमीकंडक्टर म्हणून वेगळा केला, २००४ मध्ये उरलेला फ्रीस्केल झाला. २०१४ साली मोटोरोलाच्या एमचा ठसा मारणार कोण? हे मला माहीत होतं हो. पण माहीत असणं आणि हातातला माल बघताना आठवणं यात फरक पडतो, आणि पैसे देऊन झाल्यावर तर फारच पडतो.

बोर्ड भरले. टेस्टिंग टेबलावर पॉवर सप्लाय ५ व्होल्टवर लावून एकेक तपासला. ११ आयसी अगदी मेलेल्या निघाल्या. त्याला फोन केला तर म्हणाला, “ताई, जुन्या लॉटमध्ये निघतात असे, पुढच्या वेळी भरून देतो.” जास्तीच्या आयसी होत्या त्या लावल्या आणि ६४ बोर्ड पूर्ण केले. सगळ्यांतून आवाज येत होता. मी माल तुर्भ्याला नेला.

ऑफिसजवळच्या चार-पाच फोनवर सगळं छान. मग आम्ही ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या केबिनकडे गेलो, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्या इंजिनियर साहेबांनी बटण दाबलं, “हॅलो” म्हणाले, आणि स्पीकरमधून आलं टक-टक-टक-टक. आम्ही त्याला मोटारबोटिंग म्हणतो, होडीचं जुनं इंजिन चालावं तसा आवाज. साहेब पुन्हा “हॅलो” म्हणाले, फोन पुन्हा टकटकला. मग ते माझ्याकडे बघत राहिले, मी फोनकडे. शेजारचा ऑपरेटर हातातले मोजे काढून बाहेर निघून गेला. बहुधा हसायला.

त्या दिवशी ६४ पैकी २३ फोनच धड चालले, जवळच्या लाइनींवरचे. मीटर लावल्यावर कारण दिसलं. ऑफिसच्या एक्स्टेन्शनला ३० मिलिअँपियर मिळत होते, ईटीपीच्या केबिनला १९. त्या १९ मधून बाकीच्या सर्किटचं जाऊन आयसी आणि स्पीकरला मिळून ११-१२ उरतात. खरी आयसी ५ घेते, उरलेल्यात स्पीकर बेताने का होईना बोलतो. माझ्या बोर्डावरच्या आयसी एकट्याच ९ घेत होत्या, काही तर १४. स्पीकरने एक शब्द काढायचा, कॅपॅसिटरमधला साठा संपायचा, व्होल्टेज बसायचा, आयसी झोपायची, पुन्हा उठायची. तीच ती टकटक.

टेबलावर का कळलं नाही? कारण पॉवर सप्लाय मागेल तितका करंट देतो. पाच मागा, चौदा मागा, त्याला काय. फोनची परीक्षा घ्यायची तर त्याला लाइनसारखं अर्धपोटी ठेवून घ्यावी लागते. त्यासाठी ४८ व्होल्टचा सप्लाय आणि सीरीजमध्ये २ किलोओहमचा, २ वॅटचा एक रेझिस्टर पुरतो. आठ व्होल्ट फोनवर, चाळीस रेझिस्टरवर, करंट बरोबर २० मिलिअँपियर. हे पाच-दहा रुपयांचं सामान माझ्याच कपाटात जोडून ठेवलेलं होतं, वर धूळ. घाई होती, काढलं नाही.

गाळ्यावर परत आल्यावर भाचीने एका आयसीवर अ‍ॅसिटोनचा कापूस फिरवला. कापूस काळा झाला. आयसीचा रंग असा निघत नाही. वरचा काळा थर पुसला गेल्यावर खाली सगळे एका दिशेने गेलेले ओरखडे, पॉलिश पेपरने घासल्याचे. पहिल्या पायाजवळ जी खोलगट टिकली असते ती काळ्या रंगाने अर्धी बुजलेली. मेलेल्या ११ पैकी चारांवर टॉर्च तिरपा धरला तर जुना नंबर पुसटसा वाचता आला: ३४०१८. ती याच घराण्यातली आधीची आयसी, तिलाही अठ्ठावीस पाय, पण पायांची जुळणी वेगळी. आमच्या बोर्डात ती चालणारच नाही. उरलेल्या होत्या ३४११८ च, पण भंगारातल्या बोर्डांवरून गरम करून उपटलेल्या, घासलेल्या, रंगवलेल्या आणि पायांना पुन्हा कथील चढवलेल्या. पोटावर बघितलं तर साच्याच्या खुणा तीन तऱ्हेच्या, म्हणायला मात्र सगळ्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या.

त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता. मग बिल काढून बघितलं. बघा, बिलसुद्धा तेव्हा बघितलं! पत्ता वाशीचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ म्हणजे गुजरात. त्यात कर लावलेला सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे विकणारा महाराष्ट्रातलाच असल्यासारखा. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर कापडाच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, त्या बिचाऱ्याचा याच्याशी काही संबंध नसणार. दोन मिनिटांचं काम होतं ते, लॉग-इनही लागत नाही. वाशीच्या पत्त्यावर मी जाऊन आले. तिथे मुलांचा कोचिंग क्लास आहे. मॅडमनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तुमच्याआधी दोघं येऊन गेले.”

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे पाठवून एकोणीस दिवस झाल्यावर. आधी लाज, मग बोर्ड सोडवण्याची गडबड. पलीकडून सांगितलं, पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेत. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता होती. पण फसलोय हेच मला पंधराव्या दिवशी कळलं, तेव्हा त्या काही तासांचं मी काय करणार होते कोण जाणे. पोलिस ठाण्यात अर्ज दिलाय. “माल आला ना? मग व्यवहाराचा वाद आहे,” असं एकदा ऐकवून झालं. घासलेली आयसी दाखवली तेव्हा तिथल्या हवालदारांनी ती उलटसुलट करून विचारलं, “हिचं नेमकं काय बिघडलंय?” त्यांचंही बरोबर आहे, दिसायला नवीच होती.

सुटका झाली ती अगदीच अनपेक्षित ठिकाणाहून. कारखान्याचे जुने, विजेने मेलेले ६४ बोर्ड पोत्यात भरून गाळ्याच्या माळ्यावर टाकले होते. भाची म्हणाली, “मावशी, सर्ज लाइनकडून आला ना? मग आधी ब्रिज आणि स्पीच आयसी जळणार. ३४११८ तर आत मागे असते.” अठ्ठावीस पाय गुणिले चौसष्ट, सतराशे ब्याण्णव टाके. चौघी जणी तीन दिवस डिसोल्डरिंग पंप घेऊन बसल्या. ४१ आयसी चांगल्या निघाल्या, पाच मिलिअँपियरच्या आत-बाहेर. म्हणजे माल माझ्या डोक्यावर माळ्यावर होता आणि मी बाजारात शोधत होते. उरलेल्या २३ लॅमिंग्टन रोडच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून आणल्या. त्यांच्या काउंटरवरच रेझिस्टर आणि मीटर लावून तपासल्या, ते रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली. सगळ्या बोर्डांवर या वेळी आयसी बेस लावले, म्हणजे आयसीला टाके न मारता ती खोचून बसवायची सॉकेट. आधी लावले असते तर नव्या बोर्डांवरच्या खोट्या आयसी काढायचे तितकेच टाके वाचले असते, पण बेसचे पैसे मीच वाचवले होते.

फोन चालू झाले. ईटीपीच्या केबिनमधून त्या ऑपरेटरने मला स्वतः फोन लावून “हॅलो मॅडम, टकटक बंद” असं सांगितलं.

गेल्या महिन्यात दुपारी नव्या नंबरवरून फोन आला. आवाज ओळखला, तोच गोडवा. “ताई, ३४११९ ची ट्यूब आलीय, स्पीकर अ‍ॅम्प्लिफायर. तुम्ही टेलिफोनचं काम करता असं कळलं. माल एकदम ओरिजिनल आहे.” मी फोन स्पीकरवर टाकला, भाचीला खूण केली आणि विचारलं, “डेट कोड कोणता आहे?”

“कोणता हवाय ताई?”

नंबर पोलिस ठाण्यातल्या अर्जाला जोडलाय.