एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन: रँक्ड खेळायला घ्यावा का? नक्की घ्या

लढाईच्या या कॉम्प्युटर गेममधलं कॅम्पेन (एकट्याने खेळायची कथेतली मिशन्स) संपवून रँक्डला, म्हणजे ऑनलाइन खऱ्या खेळाडूंशी गुणांसाठी खेळायला उतरलो तेव्हा पहिल्याच गेममध्ये दहा मिनिटं व्हायच्या आत समोरच्याचे घोडेस्वार माझ्या लाकूड तोडणाऱ्या व्हिलेजर्सवर (कामकरी गावकऱ्यांवर) येऊन पडले, आणि तेव्हा कळलं की कॅम्पेन वेगळं आणि हे वेगळं. कॅम्पेनमध्ये सैन्य जमवायला निवांत वेळ मिळतो, इथे तो मिळत नाही.

मला यात सगळ्यात आवडतं ते म्हणजे लढाईचा निकाल अर्धा शेतातच लागलेला असतो. एका नाइटला (चिलखती घोडेस्वाराला) 60 फूड आणि 75 गोल्ड, तयार व्हायला 30 सेकंद, म्हणजे दोन तबेले सतत चालवायचे तर मिनिटाला 240 फूड आणि 300 गोल्ड पाहिजे, वर टाऊन सेंटरमधून (मुख्य इमारतीतून) 50 फूडचा एकेक व्हिलेजर निघत राहिला पाहिजे तो वेगळाच. शेतं कमी पडली की तबेला नुसता उभा. आणि एवढं करून नाइट काढले तरी समोरचा घोडेस्वारांना भारी पडणारे भालेवाले काढतो, 35 फूड 25 वूड, गोल्ड लागतच नाही, मग तुम्ही मागे तिरंदाज जोडता, तो मॅन्गोनेल (दगड फेकणारं यंत्र) आणतो आणि तुम्हाला तिरंदाज पटकन पांगवावे लागतात नाहीतर एका दगडात अख्खी टोळी साफ. म्हणून स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) फिरवत ठेवा, समोरच्याने तबेला बांधलाय की आर्चरी रेंज ते बघूनच आपलं ठरवा.

एका खेळाडूला माणसांची लिमिट 200 ची आहे आणि त्यात व्हिलेजर पण मोजतात, त्यामुळे शंभरेक सैनिकांतच काय ते करायचं. गेम लांबला की नकाशावरचं सोनं संपतं, मग सोनं न लागणारे भालेवाले, स्कर्मिशर (भाला फेकणारे) आणि हलके घोडेस्वार एवढ्यावरच खेळ. ज्याने आधी सोनं जपून वापरलं तो इथे जिंकतो, मला हा भाग फार आवडतो.

2022 चं डायनास्टीज ऑफ इंडिया हे वेगळं विकत मिळणारं एक्स्पान्शन पण घ्याच, त्यात भारतातली नवी राज्यं खेळता येतात. द्रविडियन्सकडे नाइट नाहीत, पण वूट्झ स्टील हे त्यांचं खास संशोधन केलं की त्यांच्या पायदळाला समोरच्याच्या चिलखताने फरकच पडत नाही, आणि गुर्जरांचे श्रीवंश रायडर बाण चुकवतात!

नवीन असाल तर आधी गेममधलीच आर्ट ऑफ वॉर ही शिकवणारी मिशन्स करा, मग मित्रांबरोबर टीम गेम. टीममध्ये ज्याची जागा कडेला त्याने तिरंदाज, मधल्याने नाइट, एवढं आधी बोलून घ्या.