थॅनॉस की किलमाँगर?

दोघांपैकी कोणाचं नाव अधिक सरस? 2018 मध्ये मार्व्हलच्या सुपरहिरोपटांतले हे दोन खलनायक पाठोपाठ पडद्यावर गाजले. थॅनॉस हे नाव ग्रीक मृत्युदेव थॅनॅटोसवरून आलेलं. चुटकीसरशी अर्धी जीवसृष्टी संपवणाऱ्याला ते शोभतं, पण पहिल्या फटक्यातच सगळं सांगून मोकळं होतं.

किलमाँगर हे नाव मला कितीतरी सरस वाटतं. हत्येचा धंदा करणारा, असं हे अमेरिकी सैन्यात कमावलेलं नाव. अंगावर प्रत्येक बळीमागे एक व्रण. या नावाखाली आणखी दोन नावं आहेत: अमेरिकेतलं एरिक स्टीव्हन्स आणि वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशातलं एनजडाका. वाकांडाच्या दरबारात बेड्या घालून उभा असताना तो स्वतःची ओळख विचारायला लावतो आणि खोसा या आफ्रिकी भाषेत ठणकावतो, मी राजपुत्र एनजोबूचा मुलगा. खुनशी नावाआडचा पोरका मुलगा तिथे दिसतो. थॅनॉसच्या नावाला असा दुसरा पदरच नाही.