थांबता थांबता मान टाकणारी गाडी: थ्रॉटल बॉडी साफ केल्यानंतरचे आठ महिने

गाडी 2014 ची, पेट्रोल, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी चकती) पेडलच्या केबलनं ओढला जाणारा, त्या वेळी 92 हजार किलोमीटर झालेली. गेल्या मे महिन्यात तिला एक खोड लागली. ब्रेकर आला किंवा चौक आला, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, क्लच दाबला आणि गाडी आपल्या वेगात सरकत थांबायला लागली की रेसची, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची, सुई सरळ खाली. हजार, सातशे, पाचशे. सगळी गाडी थरथरायची, लाइट मंद व्हायचे आणि मग इंजिन कसंबसं सावरायचं. दहातून एखाद्या वेळी सावरायचंच नाही. एसी लावला असेल तर जास्तच.

आम्ही आर्णीपासून आत, खेड्यात राहतो. आईला दर महिन्याला तपासणीसाठी यवतमाळला न्यावं लागतं. एकदा दत्त चौकात समोर ऑटो थांबला, मी ब्रेक लावत आलो आणि नेमकं इंजिन बंद पडलं. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्यांदा पेडल कडक लागलं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा पुरेल एवढीच ओढ शिल्लक असते. आईनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. तेव्हाच ठरवलं, हे असं चालू द्यायचं नाही.

आधी जे केलं त्यातलं बरंचसं वाया गेलं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टाकीत इंजेक्टर साफ करायची बाटली ओतली. फरक शून्य. चहाच्या टपरीवर सगळे म्हणायचे, इथेनॉलचं पेट्रोल आलं म्हणून गाड्या बंद पडून रायल्या. एका गॅरेजवाल्यानं गाडी उभ्यानं दहा मिनिटं चालू ठेवली, ‘आयडलिंग तर ठीक आहे’ म्हणाला आणि थ्रॉटलचा स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली. गाडी उभी असताना अकराशेवर घोंघावायची. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

मग सहाशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला, गाडीच्या कंप्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा. आपल्याकडे ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं, त्यामुळे माझ्या गाडीला तो लगेच लागला. त्याआधीची गाडी असेल तर कुणाचा तरी मागून लावून बघा, मगच विकत घ्या. आठ-दहा आकडे एकदम लावले तर हा स्वस्त स्कॅनर मागे पडतो आणि सुई पडून गेल्यावर आकडा दाखवतो. म्हणून फक्त रेस आणि फ्युएल ट्रिम (कंप्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा) एवढंच लावलं. भाचा मोबाइल घेऊन शेजारी बसला. आर्णी रस्त्यावर प्रत्येक ब्रेकरला तो मोठ्यानं वाचत होता: ‘मामा, साडेसातशे... पाचशे वीस... चारशे तीस!’ ट्रिम मात्र पाच टक्क्यांच्या आतच खेळत होती. म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठीक होतं. तिथून माझा पेट्रोलवरचा संशय संपला आणि हवेच्या वाटेकडे लक्ष गेलं.

हे नीट समजून घेतलं तर पुढचा खर्च वाचतो. पाय काढला की थ्रॉटलची चकती मिटते. त्यानंतर इंजिनला हवा मिळते ती चकतीच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून आणि बाजूच्या एका बारीक वाटेतून. त्या वाटेवर आयडल मोटर असते, ती पुढे-मागे सरकून हवा कमी-जास्त करते. गाडी गिअरमध्ये नुसती ढकलली जात असताना कंप्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो आणि रेस ठरावीक पातळीखाली आली की परत सोडतो. (म्हणूनच उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज या गाड्यांना लागू नाही, न्यूट्रलला उलट आयडलिंगपुरतं पेट्रोल जळतंच.) क्लच दाबल्यावर रेस झपाट्यानं पडते आणि त्या क्षणात कंप्युटरला इंजिन झेलायचं असतं. वाट काजळीनं बुजलेली असली की झेल सुटतो. उभ्या गाडीत मोटरला हळूहळू जास्त उघडायला वेळ मिळतो, म्हणून गॅरेजमध्ये दोष दिसतच नाही.

आमच्या गावाजवळचे मिस्त्री ट्रॅक्टर जास्त आणि गाड्या कमी करतात, पण हात स्वच्छ. त्यांनी हवेचा मोठा पाइप काढला, चकती बोटानं उघडली आणि मला वाकायला लावलं. ‘हे पाय भाऊ, किती काजळी हाय!’ समोरून चकती पितळेसारखी चमकत होती. मागच्या बाजूला मात्र कडेनं काळं, चिकट वर्तुळ होतं, तव्याच्या काठावर तेल जळून बसतं तसं. नखानं खरवडलं तर नखात भरलं. आयडल मोटर काढली तर तिचं टोक कोळशासारखं.

थ्रॉटल क्लीनरचा डबा साडेतीनशेचा. मिस्त्रींनी फवारा सरळ आत मारला नाही. बॉडी खोलून हातात घेतली, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर मारून पुसली, बारीक वाटेत टूथब्रश घातला आणि सेन्सरच्या बाजूला थेंब जाऊ दिला नाही. मोटरचं टोक ओढायचं किंवा पिळायचं नाही, नुसतं पुसायचं. ज्यांच्या गाडीचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे त्यांनी चकती बोटानं ढकलू नये. मग तो वाढवलेला स्क्रू परत जागेवर आणला. कंप्युटरनं आयडलिंग नव्यानं शिकावं म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार पंधरा मिनिटं काढून ठेवली, जोडल्यावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, नंतर तेवढंच एसी लावून. मजुरी पाचशे.

त्याच संध्याकाळी भाच्याला घेऊन तोच रस्ता. रेस हजाराला आली, तिथे क्षणभर टेकली आणि अलगद आठशेवर बसली. प्रत्येक ब्रेकरला. मला तेव्हा फार हलकं वाटलं.

खरा अनुभव त्यानंतरचा आहे. पावसाळा छान गेला. पण दिवाळीच्या सुमारास, साडेतीन हजार किलोमीटरनंतर, आकडा पुन्हा सहाशेपर्यंत घसरायला लागला. मी नुसता क्लीनर मारून मोकळा झालो असतो. मिस्त्री म्हणाले, ‘तेल येते कोठून ते पाह्यल्याबिगर पुसून काय फायदा?’ त्यांनी पीसीव्ही झडप काढून कानाजवळ हलवली. चांगली झडप खुळखुळ्यासारखी वाजते. ही मुकी होती, आत घट्ट चिकटलेली. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ या झडपेतून जायची. वाट बंद, म्हणून ती ब्रीदरच्या पाइपानं थ्रॉटलच्या तोंडाशी येत होती आणि तिथे बसत होती. नवी झडप तीनशेला मिळाली, पाइप तडकला होता तोही बदलला, थ्रॉटल पुन्हा पुसला.

त्याला आता चार महिने होत आले. कापसाच्या दिवसांत इथल्या रस्त्यांवर काळ्या मातीचा फुफाटा असतो, कापूस नेणाऱ्या गाड्यांच्या मागे आर्णीपर्यंत हळूहळू जावं लागतं, सतत क्लच, सतत थांबणं. एकदाही इंजिन पडलं नाही. मायलेज लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढल्यासारखं वाटतं, पण ते मी मोजून सांगत नाही.

उणीव सांगायची तर एसी पहिल्यांदा लागताना सुई अजून जराशी खाली जाऊन येते, 700 च्या आसपास. नवी असतानाही ती असंच करायची की नाही, आठवत नाही. खरी परीक्षा मे महिन्यातल्या 45 अंशांत होईल. स्कॅनर घ्यावा असं मी नक्की म्हणेन. क्लीनरचा डबा कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालतो, फक्त डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी असं लिहिलेलं पाहिजे. ब्रेकचा क्लीनर वापरू नका. ज्या गॅरेजवाल्याचा हात पहिला स्क्रूकडे जातो, तिथून गाडी काढून घ्या.

गेल्या रविवारी झडप काढून कानाशी हलवली. वाजते.