हीट शॉक की इलेक्ट्रोपोरेशन? एम.एस्सी. प्रकल्पातल्या क्लोनिंगसाठी

शेवटच्या सेमिस्टरला क्लोनिंगचा प्रकल्प हाती आला, की ई. कोलाय या जिवाणूत प्लाझ्मिड (डीएनएचा छोटा गोल रेणू) घालायचं कसं हे आधी ठरवावं लागतं: कॅल्शियम क्लोराइडमध्ये तयार केलेल्या पेशींना क्षणभर उष्णता देऊन (हीट शॉक), की विजेचा झटका देऊन (इलेक्ट्रोपोरेशन). कॅल्शियम क्लोराइड आणि वॉटर बाथ प्रत्येक विभागात असतो. इलेक्ट्रोपोरेटर असेल तर मोह होतोच.

आकड्यांत इलेक्ट्रोपोरेशन सरळ पुढे आहे. हाताने बनवलेल्या कॅल्शियमच्या पेशी मायक्रोग्रॅमभर अखंड प्लाझ्मिडला साधारण १० लाख ते १ कोटी कॉलनी देतात. चांगल्या इलेक्ट्रोकॉम्पिटंट (विजेच्या झटक्याने डीएनए घ्यायला तयार केलेल्या) पेशी १०० कोटींच्या वर जातात. पण साध्या सब-क्लोनिंगला (डीएनएचा तुकडा एका प्लाझ्मिडमधून दुसऱ्यात हलवायला) इतकं लागतं कुठे? प्लेटवर तीस-चाळीस कॉलनी आल्या तरी त्यातल्या सहा-आठ मिनीप्रेपला (प्लाझ्मिड बाहेर काढून तपासायला) पुरतात.

माझ्या लेखी निकाल लागतो तो आर्किंगवर. पल्स दिला की 'फट्' आवाज येतो, क्युव्हेटमध्ये (पेशी ठेवायच्या छोट्या पात्रात) ठिणगी चमकते आणि टाइम कॉन्स्टंट (पल्स ओसरण्याचा वेळ) ४-५ मिलिसेकंदांऐवजी १ च्याही खाली दिसतो. पेशी गेल्या, लायगेशनही (तुकडा प्लाझ्मिडला जोडलेलं मिश्रण) गेलं. कारण बहुतेक वेळा क्षार. तुकडे जोडणाऱ्या टी४ लायगेज या विकराच्या बफरमध्येच १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड असतं. म्हणून आधी ६५ अंशांवर १० मिनिटं ठेवून लायगेज निष्क्रिय करा, मग इथेनॉलने डीएनए खाली बसवून ७० टक्के इथेनॉलने धुवा, किंवा ०.०२५ मायक्रॉनच्या पडद्यावर थेंब ठेवून अर्धा तास डायलिसिस करा. एवढं करूनही ५० मायक्रोलिटर पेशींना १-२ मायक्रोलिटरच घाला. पेशी १० टक्के ग्लिसरॉलने नीट धुतल्या नसतील, क्युव्हेट बाहेरून ओलं असेल किंवा आत बुडबुडा राहिला असेल, तरी ठिणगी पडतेच. क्युव्हेट महाग, त्यामुळे ती धुऊन पुन्हा वापरली जातात आणि धोका आणखी वाढतो. आठवड्याची मेहनत असलेलं लायगेशन यात घालायला मन धजत नाही.

हीट शॉकला त्या बफरचं काही वावडं नाही. १०० मायक्रोलिटर पेशींत ५ मायक्रोलिटर लायगेशन थेट घाला, ३० मिनिटं बर्फात, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा २ मिनिटं बर्फात, मग एसओसी या पोषक माध्यमात ३७ अंशांवर तासभर. इथेही पेशी बिघडतात, पण कुठे ते शोधता येतं. डीएच५-अल्फा या ई. कोलायच्या वाणाच्या पेशी ओडी (वाढीची दाटी दाखवणारा आकडा) ०.३५-०.४ ला काढा, ०.६ पर्यंत वाढू दिल्या तर कार्यक्षमता घसरते. रोटर आणि १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आधीपासून ४ अंशांवर हवं. काचेच्या भांड्यात साबणाचा अंश राहिला तरी बॅच वाया जाते. पेशी कॅल्शियम क्लोराइडमध्येच रात्रभर बर्फात ठेवल्या तर त्या आणखी कॉम्पिटंट होतात, ही सोय फुकटची आहे. दर बॅचला १ नॅनोग्रॅम पीयूसी१९ या अखंड प्लाझ्मिडचा कंट्रोल लावा: पेशी मायक्रोग्रॅममागे १० लाख कॉलनी देणाऱ्या असतील तर हजारभर कॉलनी मिळायला हव्यात. आणि अँपिसिलिनची प्लेट १६-१८ तासांत काढा, नाहीतर भोवती सॅटेलाइट (प्लाझ्मिड नसलेल्या) कॉलनी उगवतात.

लायब्ररी (असंख्य वेगवेगळ्या तुकड्यांचा क्लोनसंच) बनवायची असेल, बीएसीसारखा (बॅक्टेरियल आर्टिफिशियल क्रोमोसोम) मोठा डीएनए असेल किंवा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर काम असेल, तर इलेक्ट्रोपोरेशनच घ्यावं लागेल. तेव्हा ०.१ सेंमी क्युव्हेटला १.८ किलोव्होल्ट हा ई. कोलायचा आकडा आहे, मायकोबॅक्टेरियाला तो तसाच लावू नका. पल्सनंतर एसओसी मिनिटाच्या आत घाला.