इन्स्टंट गिझर की १५ लिटरचा? वॅट नंतर, आधी घरातले व्होल्ट बघा

न्हाणीत ३ लिटरचा इन्स्टंट बसवायचा की १५ लिटरचा टाकीवाला, हे ठरत नसेल तर दुकानात जायच्या आधी पाच मिनिटं हिशोब करा. इन्स्टंट बहुतेक ३००० वॅटचे, टाकीवाले २०००चे, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे जास्त दम असं वाटतं, पण लेबलवरचे ते वॅट २३० व्होल्ट मिळाले तरच.

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे करंट. इन्स्टंट १३ अँपिअर खेचतो, टाकीवाला ८.७. आता व्होल्टला करंटने भागा, रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा मिळतो: १७.६ ओहम आणि २६.५ ओहम. कॉइलचा हा ओहम जवळपास तोच राहतो, व्होल्टेज पडलं म्हणून कॉइल काय बदलत नाही, म्हणून सगळा खेळ इथेच आहे.

समजा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात लाइनच्या टोकाला घर आहे आणि संध्याकाळी १९० व्होल्टच येतात. इन्स्टंट: १९० भागिले १७.६ म्हणजे १०.८ अँपिअर, गुणिले १९०, झाले साधारण २०५० वॅट. टाकीवाला तसाच उतरून १३६५ वर. व्होल्टेज १७ टक्के पडलं तर पॉवर ३२ टक्के गेली, कारण करंटपण सोबत पडतो.

नुकसान दोघांचं सारखंच, पण त्रास सारखा नाही. पाणी १५ डिग्रीने तापवायचं तर इन्स्टंट पूर्ण व्होल्टेजवर मिनिटाला जेमतेम २.९ लिटर देतो, १९० वर २ लिटरच्या आत, म्हणजे नळ बारीक करून थांबा नाहीतर कोमट पाण्याने आंघोळ. टाकीवाल्याला १५ लिटर २५ डिग्रीने तापवायला १३ मिनिटं लागायची ती १९ लागतील, बस्स, तोपर्यंत तुम्ही चहा घ्या. गोव्यात पाणी मुळातच फार थंड नसतं म्हणून पणजी-फोंड्यात चांगलं व्होल्टेज असेल तर इन्स्टंट छान चालतो, बादलीभर पाण्याला टाकी कशाला?

वायरिंग मात्र नक्की बघा. जुन्या घरात न्हाणी मागच्या बाजूला, बोर्डापासून २० मीटर, आणि वायर १.५ स्क्वेअर एमएमची कॉपर असेल तर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स अर्धा ओहमच्या आसपास. करंटचा वर्ग गुणिले ओहम केलं की वायरमध्येच जळणारी पॉवर निघते: १३ अँपिअरला ८० वॅटच्या वर, ८.७ ला ३७. लाइटच्या त्या वायरवर इन्स्टंट लावूच नका, वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घ्या, नीट अर्थिंगसकट. टाकीवाल्यालापण १६ अँपिअरचाच प्लग लागतो, हे लोक विसरतात.

व्होल्टेज मोजायचं तर संध्याकाळी सात-आठला, गिझरसारखा मोठा लोड चालू ठेवून, दुपारचा आकडा फसवा असतो. करंट मोजायला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) असेल तर तो फक्त फेजच्या वायरभोवती लावा, दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर शून्य दाखवतो. हे काम वायरमनलाच सांगितलेलं बरं.

तर माझं मत: संध्याकाळी २२० च्या वर मिळतात आणि वायर जाड आहे तर इन्स्टंट, नाहीतर १५ लिटरचा. आणि हाच हिशोब फ्रिज किंवा पंपाला लावू नका, मोटर आली की नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खरे वॅट नव्हेत, मध्ये पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट, ते प्रमाण) येतो.