साताऱ्यातील टायरच्या दुकानातील नायट्रोजन सेवा : आठ महिन्यांच्या नोंदींवरून

सातारा शहरातून महामार्गाकडे जाताना सेवा रस्त्याला असलेल्या या टायरच्या दुकानात मी गेल्या मे महिन्यात प्रथम गेलो, तो नायट्रोजनवर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर तो उडाला होता म्हणून. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला की टायरचा दाब लवकर उतरत नाही, असे सांगून ही सेवा विकली जाते. त्याआधी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या गाडीच्या चारही चाकांत नायट्रोजन भरल्याचे सांगून पैसे घेतले गेले होते. प्रत्यक्षात तिथल्या मुलाने २८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब पौंडांत) असलेल्या टायरांना नळी लावली, आकडा ३२ वर नेला, व्हॉल्व्हच्या काळ्या टोप्या काढून नायट्रोजनची खूण म्हणून हिरव्या बसवल्या आणि पाच मिनिटांत मला मोकळे केले. आधीची हवा काढली नाही, तर नायट्रोजन भरण्याला काही अर्थ उरत नाही, हे मला घरी येऊन कागदावर हिशेब मांडल्यावर कळले.

तो हिशेब येथे देतो, कारण या सेवेची पारख त्यावरच होते. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. दुकानातल्या यंत्रातून ९५ टक्के शुद्धतेचा नायट्रोजन येतो असे धरू. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने येथे वातावरणाचा दाब साडेतेरा पीएसआयच्या आसपास असतो, आणि टायर पूर्ण सोडला तरी तेवढ्या दाबाची हवा आत राहतेच. २८ वरून ३२ वर नुसती भर घातली, तर टायरमधला ऑक्सिजन २१ वरून जेमतेम साडेएकोणीस टक्क्यांवर येतो. पूर्ण हवा सोडून एकदा भरले तर तो दहाच्या खाली जातो, आणि सोडणे-भरणे दुसऱ्यांदा केले तर साडेसहाच्या जवळ येतो. म्हणजे पहिल्या दुकानाने मला विकली ती जवळजवळ साधी हवाच होती, हिरव्या टोपीसह.

या दुकानात तसे झाले नाही. "साहेब, आधीची समदी हवा काढावी लागती, अर्धा-पाऊण तास जाईल, चालंल का?" असे मालकांनी काम हाती घेण्याआधीच विचारले, आणि माझ्या मनातली निम्मी शंका तिथेच मिटली. गाडी लिफ्टवर घेऊन चारही चाके अधांतरी केली, कारण गाडीचे वजन चाकावर असताना टायर पूर्ण सोडला तर त्याची कड रिमवरून सुटण्याची भीती असते. मग मुलाने छोट्या चावीने व्हॉल्व्हची पिन फिरवून बाहेर काढली. सुरुवातीचा जोराचा फुसकारा हळूहळू बारीक होत थांबेपर्यंत तो दुसऱ्या चाकाकडे गेला नाही. चारही चाके सोडली, भरली, पुन्हा सोडली, पुन्हा भरली, आणि शेवटी प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याची बाटली दाबून बुडबुडा येतो का ते पाहिले. बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्ह तपासणारे पंक्चरवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत; तीही पद्धत चुकीची नाही, पण साबणाच्या पाण्यात बारीक गळतीही दिसते. माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर खरोखरच मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगत गेला. पिन बदलली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या फ्लेक्सविषयी मात्र माझी तक्रार आहे. त्यावर विमानाचे आणि शर्यतीच्या गाडीचे चित्र असून खाली टायर थंड राहतो, मायलेज वाढते, पंक्चर कमी होतात असे दावे केले आहेत. विमानांच्या चाकांत नायट्रोजन भरतात हे खरेच आहे. मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजनचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा अमेरिकेचा नियम आहे. त्याचे कारण ब्रेकची प्रचंड उष्णता हे आहे. टायर अतिशय तापला की रबरातून ज्वालाग्राही वायू सुटतात आणि आत ऑक्सिजन असेल तर स्फोट होऊ शकतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीच्या विमानाचा असाच अपघात झाला. चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरली होती, अडकलेल्या ब्रेकमुळे ते तापून हवेतच फुटले आणि विमानातील सर्व १६७ जण दगावले. पण यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्या छोट्या गाडीची चाके त्या तापमानाच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे विमानाचे चित्र येथे केवळ भारदस्तपणासाठी आहे.

टायर थंड राहण्याचा दावाही तसाच. टायर तापतो तो त्याच्या भिंती सतत दबून-उलगडून वळत राहिल्यामुळे, आणि हवा कमी असली की हे वळणे वाढते. आत नायट्रोजन आहे की हवा, याने त्यात फरक पडत नाही. तापल्यावर नायट्रोजन फुगत नाही असे जे सांगितले जाते, तेही खरे नाही. दोन्ही वायू तापमानाला सारखेच वागतात. ३२ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी बदलले की दाब दीड पीएसआयने बदलतो, मग आत काहीही भरलेले असो. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेमुळे. पावसाळ्यात साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, ते वेळोवेळी काढले नाही तर हवेबरोबर टायरमध्ये जाते आणि रिमला आतून गंज चढवते. नायट्रोजनच्या यंत्रात हवा आधी कोरडी केली जाते, मग कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून दाबाने सोडली जाते. ऑक्सिजन त्या छिद्रांत अडकतो आणि नायट्रोजन पुढे निघून जातो. कोरडेपणा हा मला या सेवेचा खरा गुण वाटतो, आणि फ्लेक्सवर नेमका त्याचाच उल्लेख नाही. पंक्चरबद्दल तर काय बोलावे. खिळ्याला आतला वायू कळत नाही.

उरतो तो मुख्य दावा, म्हणजे नायट्रोजन लवकर उतरत नाही. हा खरा आहे, पण किती? ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा तीन-चार पट वेगाने झिरपतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक मासिकाने ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयवर भरून वर्षभर उभे ठेवले होते. साध्या हवेचे सरासरी साडेतीन पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. वर्षाला १.३ पीएसआयचा फरक. माझ्या गाडीवर मी जूनपासून थोडी वेगळी पद्धत वापरली : डावीकडच्या दोन चाकांत नायट्रोजन तसाच ठेवला, उजवीकडची दोन मुद्दाम पेट्रोलपंपावरच्या साध्या हवेने भरून घेतली, आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी सात वाजता, गाडी सुरू करण्याआधी, एकाच डिजिटल गेजने चारही चाके मोजून वहीत लिहिली. हवेची चाके महिन्याला साधारण एक पीएसआयने उतरत गेली, नायट्रोजनची त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. दोन-दोन चाकांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण फरक आहे आणि तो लहान आहे, एवढे मला दिसले.

त्यापेक्षा मोठा फरक ऋतूने पाडला. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत साताऱ्याची सकाळ चांगलीच गारठली, तेव्हा चारही चाके झिरपण्याच्या हिशेबापेक्षा दीड पीएसआय जास्त उतरलेली आढळली. नायट्रोजन भरला म्हणून सहा महिने गेज न लावणारा माणूस हिवाळ्यात निदान अडीच-तीन पीएसआय कमी दाबावर गाडी चालवत असेल आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल. दाब कमी राहिला की टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त राहिला की मधोमध झिजतो, आणि इंधनाचा हिशेब करायचा तर सरासरी एका पीएसआयच्या घटीला मायलेज ०.२ टक्क्यांनी घटते. योग्य आकडा कोणता, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, भरण्याचा नव्हे.

स्टिकरवरचा आकडा गार टायरसाठी असतो, आणि हीच या दुकानाची अडचण आहे. ते सकाळी दहाला उघडते आणि शाहूपुरीतून तिथे पोहोचेपर्यंत चाके थोडी तापतात. मी हे बोलून दाखवले, तेव्हा मालकांनी वाद घातला नाही. "घरी मोजून या, किती कमी हाय ते सांगा, तेवढं वाढवून देतो," एवढेच म्हणाले. हे उत्तर मला पूर्ण पटले, कारण मोजण्याचा आणि भरण्याचा संबंध असा सरळ समजून घेणारे दुकानदार कमी भेटतात. एकदा कराडहून परत येताना महामार्गावरच्या एका पंपावर मुलाने तापलेल्या टायरमधला ३६ चा आकडा पाहून हवा काढून ३२ करून दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच चाके २८ वर होती. पंपावर हवा मोफत मिळते आणि मिळायलाच हवी, पण गेज आणि माणूस या दोन्हींची खात्री तिथे देता येत नाही. या दुकानाचे गेज माझ्या गेजशी अर्ध्या पीएसआयच्या आत जुळते, आणि खरे सांगायचे तर मी तिथे परत जातो ते यासाठी. याच कारणाने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाण्याआधी मी तिथे एकदा थांबतो. घाट उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढल्याने गेजवरचा आकडा एखाद्या पीएसआयने कमी दिसतो, तेव्हा निघताना तो बरोबर असलेला बरा.

दर वाजवी आहेत. पहिल्यांदा प्रत्येक चाकाला ४० रुपये घेतले, नंतर भर घालायला १० रुपये. शनिवारी-रविवारी कासला आणि महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा हवा पूर्ण सोडण्याचा आग्रह धरणे अवघड जाते, म्हणून मधल्या वारी जावे. यंत्रावर शुद्धतेचा आकडा दाखवणारा मीटर बसवला आहे, पण त्याचा पडदा मी गेलो त्या चारही वेळा बंद होता. एवढे यंत्र घेतल्यावर तो दुरुस्त करून घ्यायला काय हरकत आहे, कळत नाही. पाचपैकी चार गुण मी देईन, आणि त्यातले तीन भरण्याच्या पद्धतीला.

स्टेपनी मात्र आपण होऊन डिकीतून काढून द्यावी. ती कोणी मागत नाही, मीही पहिल्या खेपेला विसरलो होतो, आणि जुलैमध्ये सहज म्हणून गेज लावले तेव्हा तीत १८ पीएसआय हवा निघाली.